कागद येईपर्यंत

बैठकीत बोलताना मी तोंडासमोर हात धरायचे. कधी फाइल, कधी पाण्याचा ग्लास, काहीच नसेल तर नुसता तळवा. नोकरीच्या शेवटच्या वर्षांत ही सवय इतकी अंगवळणी पडली की माझ्या हाताखालच्या तरुण अधिकाऱ्यांना वाटायचं, बाईंचे दात किडलेत. एकाने तर दिल्लीतल्या चांगल्या दंतवैद्याचा नंबरही आणून दिला. मी तो घेतला, आभार मानले. माझे दात ठणठणीत आहेत. भीती वाटते ती समोरच्या माणसाच्या डोळ्यांची. का वाटते, हे आजवर फक्त माझ्या आईला ठाऊक होतं. आता आई नाही आणि नोकरीही नाही, म्हणून लिहायला बसले आहे.

आमचं घर भिवंडीच्या नारपोलीत, यंत्रमागाच्या कारखान्याच्या मागच्या भिंतीला चिकटून. वडील त्या कारखान्यात मुकादम होते आणि आई तिथेच कांडी मशीनवर बसायची. लूमवर इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्यात आडव्या सुताची जी बारीक गुंडाळी बसते ती कांडी. लूम ती भराभर खातो आणि आई दिवसभर ती भरत राहायची. चोवीस लूम एकदम चालू असले की तिथे ओरडून उपयोग नसतो, म्हणून तिथली माणसं ओरडतच नाहीत. ओठ जरा मोठे हलवतात, आवाज काढत नाहीत, आणि समोरचा ओठांकडे बघून समजून घेतो. धागा तुटलाय, चहा सांग, सेठ आलेत, पोरीला ताप आहे, सगळं असंच चालायचं. नवख्या माणसाला वाटायचं, हे लोक तोंडात काहीतरी चघळतायत. चालायला आणि ओठ वाचायला मी एकदमच शिकले, असं आई म्हणायची. दहावीच्या निकालाच्या दिवशी मी कारखान्याच्या दारात उभी राहिले तेव्हा सेठनी पार पलीकडच्या टोकावरून नुसत्या ओठांनी विचारलं, किती? मीही तसंच सांगितलं आणि अख्ख्या कारखान्याने ते वाचलं. लूम मात्र कुणी बंद केला नाही.

घरातही तीच रीत होती. पाहुण्यांच्या पाठीमागे स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून आई मला सांगायची, साखर संपलीय, शेजारून आण. ठाण्याच्या मावशी समोर बसलेल्या असायच्या, त्यांना पत्ता लागायचा नाही. मला याचा भारी अभिमान होता. इतरांच्या घरात तिजोरी असते, आमच्याकडे हे होतं.

पुढे मी शिकत गेले. भिवंडीतून ठाण्याला, ठाण्यातून दिल्लीला. आंतरराष्ट्रीय संबंध हा विषय का घेतलास असं कुणी विचारलं की मी काहीतरी भारदस्त ठोकून द्यायचे. खरं म्हणजे एकच गोष्ट मला छळत होती. समुद्रावर रेघ मारता येत नाही, तरी ती ओलांडली म्हणून गरीब मच्छीमार वर्षानुवर्षं परक्या तुरुंगात बसतात. प्रबंध त्यावरच लिहिला. दोन देश एकमेकांना कैद्यांच्या याद्या कशा देतात, त्या का अडतात, कधी सुटतात. काही वर्षं शिकवलं, मग परीक्षा देऊन परराष्ट्र सेवेत शिरले. वडिलांनी गल्लीत पेढे वाटले आणि मला बाजूला घेऊन विचारलं की या नोकरीत भांडण मिटवायचं असतं की लावायचं. मी म्हटलं, बहुतेक वेळा लांबवायचं असतं. ते त्यांना लगेच पटलं. मुकादमकीत दुसरं काय असतं, म्हणाले.

सुरुवातीला माझा त्रास आवाजाचा होता. लूमवाल्यांची पोरं घरातसुद्धा वरच्या पट्टीत बोलतात. एका वरिष्ठ बाईंनी मला हळूच सुचवलं की आपण दूतावासात आहोत, बाजारात नाही. मी आरशासमोर बसून महिनाभर आवाज खाली आणला. दुसरा त्रास मात्र कुणाला सांगता येण्यासारखा नव्हता. लांबलचक टेबलाच्या पलीकडे बसलेली माणसं एकमेकांच्या कानाशी बोलतात तेव्हा आवाज सांभाळतात, ओठ सांभाळत नाहीत. युरोपात असताना काही बिघडलं नाही, तिथल्या भाषा मला ओठांवरून उमगत नसत. पण शेजारच्या देशाचे लोक समोर आले की पंचाईत. त्यांची बोली आमच्या नारपोलीच्या नाक्यावरचीच हिंदी-उर्दू.

ही लबाडी आहे का? हेरगिरीत मोडतं का? कुणाला विचारावं, तर विचारणंच अंगाशी यायचं. रात्ररात्र मी यावर डोकं शिणवलं आणि शेवटी स्वतःपुरता एक नियम करून टाकला. कानांनी ऐकलं तेवढंच टिपणात लिहायचं, आणि समोरचे कुजबुजू लागले की मान खाली घालायची. मी सतत मान खाली घालून लिहीत असते म्हणून कष्टाळू असा माझा लौकिक झाला.

दिघाशी हे वडिलांचं गाव. तिथे आमच्या भावकीत एक वहिनी आहे, वयाने माझ्याहून बरीच लहान. ती नारपोलीतच वाढलेली, लग्न होऊन दिघाशीला गेली, तरी रोज एसटीने नारपोलीला कांड्या भरायला येत राहिली. आईच्या शेजारच्या मशीनवरच ती बसायची. तिचा नवरा लूम चालवायचा. ते लूम भंगारात गेले तेव्हा कुणाच्या तरी ओळखीने तो गुजरातच्या एका बंदरावर बोटीवर गेला. पोहायला येत नव्हतं त्याला. बोटीवर स्वयंपाक करायचा. तिसऱ्या हंगामात बोट भरकटली आणि पलीकडच्यांनी बोटीसकट सगळ्यांना धरलं.

मी ज्यावर प्रबंध लिहिला ते माझ्याच भावकीत येऊन उभं राहिलं. त्यानंतर दर महिन्याला वहिनी आईकडे यायची आणि आई मला फोन लावून द्यायची. मी दरवेळी एकच सांगायचे, पडताळणी सुरू आहे. आमच्या धंद्यात या वाक्याचा अर्थ काहीच होत नाही. वहिनी मात्र ते घेऊन दिघाशीला जायची आणि सासूला सांगायची, काम सुरू हाय. हे मला आईकडून कळलं. पण दुसरं वाक्य माझ्यापाशी नव्हतं.

पाच वर्षांनी कैद्यांच्या सुटकेची बोलणी सुरू झाली आणि मला पथकात घेतलं. यादीत माझा नातेवाईक आहे, असं मी लेखी कळवलं. किती जवळचा, असं साहेबांनी विचारलं. भावकीतला, म्हटल्यावर त्यांनी हात झटकला आणि बसा म्हणाले. कितीदा वाटतं, त्यांनी तेव्हा मला उठवायला हवं होतं.

शेवटच्या दिवशी त्यांचा तुरुंग अधिकारी यादी वाचत होता. नावं नव्हती, नुसते क्रमांक. एकेका क्रमांकापुढे तयार किंवा पडताळणी बाकी. आमच्याकडच्या यादीप्रमाणे वहिनीचा नवरा एकतिसावा. तिथे आल्यावर तो अधिकारी थबकला आणि शेजारी बसलेल्या त्यांच्या प्रमुखाकडे झुकला. मी मान खाली घालायला हवी होती. मी वर बघत राहिले.

'ये तो गुज़र गया,' तो म्हणाला. 'पिछले महीने.'

'अभी रहने दीजिए,' प्रमुख म्हणाले. मग माइक जवळ ओढून त्यांनी स्वच्छ इंग्रजीत सांगितलं की क्रमांक एकतीस, पडताळणी सुरू आहे.

माझंच वाक्य त्यांनी माझ्या तोंडावर मारलं. हातातलं पेन निसटून टेबलाखाली गेलं आणि ते उचलायला वाकले तर मला वर येववेना. चहाच्या सुट्टीत मी आमच्या साहेबांना गाठलं. एकतीसबद्दल मला शंका येतेय, म्हटलं. कशावरून, त्यांनी विचारलं. ओठांवरून, असं सांगता येत नव्हतं. ते चांगले गृहस्थ होते. त्यांनी समजावलं की आज एका क्रमांकावर अडून बसलो तर बाकीचेही अडकतील, आणि शंका ही काही टिपणात लिहायची गोष्ट नाही. ते खरंच होतं. बाकीच्यांची घरंही वाट बघत होती. मी परत जागेवर जाऊन बसले आणि एकतीसपुढे लिहिलं, पडताळणी सुरू.

त्या दिवसापासून माझ्या जिवाला थारा उरला नाही. खरंच तसं म्हणाले का ते? दिवा त्यांच्या पाठीमागे होता, चेहरा अर्धा सावलीत होता. पण चोवीस लूमच्या अंधारातही मी कधी चुकले नव्हते. मग वाटायचं, चुकले असेन तर देव पावला. मग वाटायचं, नसेन तर? बाकीचे लोक सुटून सीमेवरून आले, त्यांचे फोटो आले. मी प्रत्येक फोटो मोठा करून पाहिला. तो त्यात नव्हता.

त्याच सुमारास आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं आणि मी रजा घेऊन नारपोलीला आले. आईला सगळं सांगायचं ठरवलं होतं, धीर होत नव्हता. तिसऱ्या दिवशी सकाळी दारात वहिनी. बरोबर तिची मुलगी, हातात पिशवीभर वालाच्या शेंगा आणि लग्नाच्या पत्रिका. मुलीचं लग्न ठरलं होतं, अठरा दिवसांवर. मुलगी तिकडच्या एका मोठ्या गोदामात बारकोड तपासायच्या कामावर होती, मुलगाही तिथलाच. पत्रिकेवर बापाचं नाव ठसठशीत छापलेलं होतं. पोरगी माझ्या शेजारी येऊन बसली.

'आत्या, बाबा येतील का लग्नाला?' तिने विचारलं.

मी सांगितलं, पडताळणी सुरू आहे. ती हिरमुसली आणि मोबाइलमध्ये डोकं घालून बसली. वहिनी पत्रिकेवर हळदीकुंकू लावण्यासाठी खाली वाकली होती. तिच्या पाठीमागे स्वयंपाकघराच्या दाराला टेकून आई उभी होती. माझा चेहरा आईला कळल्याशिवाय कसा राहणार? तिने नुसते ओठ हलवले, खरं काय ते सांग.

आणि मी सांगून बसले. लहानपणापासून पाहुण्यांच्या डोक्यावरून जसं सांगत आले तसंच. आवाज नव्हता. 'तो गेला,' एवढंच.

परदेशात इतकी वर्षं काढली, प्रत्येक शब्द तोलून बोलायचा पगार खाल्ला, आणि माझ्या हे डोक्यातच आलं नाही की समोर बसलेली बाई ठाण्याची मावशी नाही. ती आईच्या शेजारच्या मशीनवरची बाई आहे. कारखान्यातली बाई काम करताना दर थोड्या वेळाने मान वर करून चेहरे बघते, कारण तिथे हाक ऐकू येत नाही. वहिनीनेही तशीच मान वर केली होती. कुंकवाचं बोट पत्रिकेवर तसंच राहिलं होतं.

आईने कपाळाला हात लावला. वहिनी रडली नाही. तिने मुलीकडे पाहिलं. मुलगी मोबाइलवर कुणाला तरी हसून काही लिहीत होती. या पोरीला कारखान्याची रीत येत नव्हती, ती शाळेत गेली होती, गोदामात कामाला होती. मग वहिनीने माझ्याकडे तोंड केलं आणि ओठ हलवले.

'पक्कं हाय?'

'कागद न्हाय,' मी तसंच म्हणाले. 'त्यांना बोलताना पाह्यलं.'

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मी अजून काही तरी सांगेन, मागे घेईन, असं तिला वाटत असावं. मला ते मागे घ्यायचं होतं.

'मग कागद येईस्तोवर तो हाय,' तिचे ओठ म्हणाले. 'पोरीचं लगीन होऊंद्या.'

मी मान हलवली. आवाज न करता दोन देशांनी केलेले कितीतरी करार मी वाचले आहेत, शिकवले आहेत. असा एकही माझ्या हातून झाला नव्हता. वहिनीने पत्रिकेवर कुंकू लावलं, आईच्या पाया पडली, आणि मुलीला मोठ्या आवाजात म्हणाली की चल, एसटी चुकल. शेंगा सोलून आजच करा, असंही जाताना सांगून गेली.

ती गेल्यावर आई माझ्यावर जी डाफरली तशी दहावीनंतर कधी डाफरली नव्हती. सगळं बरोबर होतं तिचं. बाप गेल्याचं कळतं तर घरात सुतक, लग्न पुढे जातं, सासू अंथरूण धरते, मुलाकडचे वर्षभर थांबतील की नाही कोण जाणे. हे सगळं आता त्या बाईने एकटीने पोटात ठेवायचं. आणि माझं वाचन चुकलं असेल तर मी एका जिवंत माणसाच्या बायकोला हे करायला लावत होते. माझी झोप उडाली. मी दिल्लीला कळवून ठेवलं की या घरी काहीही कळवायचं असेल तर मला कळवा, मी स्वतः जाऊन सांगेन, पोलीस दारात पाठवू नका. वरून ती माणुसकी होती. खरं तर मला तो कागद माझ्या हातात हवा होता.

कागद हळदीच्या दिवशी सकाळी आला. मी दिघाशीत मांडवाबाहेर उभी होते, आंब्याचे टहाळे बांधणं चाललं होतं, आणि मोबाइलवर पत्र उतरलं. मृत्यूचा दाखला, त्यांच्या तुरुंगाचा शिक्का. तारीख आमच्या बोलण्यांच्या आधीच्या महिन्यातली. म्हणजे मी बरोबर वाचलं होतं. आणि मला क्षणभर, अगदी क्षणभर, हायसं वाटलं. माझा अंदाज खरा ठरला म्हणून. या गोष्टीची लाज मला अजून सोडत नाही.

पत्राखाली लिहिलं होतं, कुटुंबाला तात्काळ कळवून उत्तर द्यावं. कुटुंब माझ्यापासून दहा पावलांवर हळद कालवत होतं. मी मोबाइल पर्समध्ये टाकला. दुपारी पुन्हा विचारणा आली, कळवलं का? मी उत्तर दिलं की वाटेत आहे, रस्ता खराब आहे. नोकरीत गोलमोल बोलले असेन हजार वेळा, पण लेखी खोटं ते पहिलं.

हळदीला पाच सवाष्णी बोलावल्या त्यात वहिनीचं नाव पहिलं, मुलीची आईच ती. सासू मधोमध बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होती की पोरगा पुढल्या यादीत येल, माझ्या नातीचं तोंड बघाला येल. बायकांनी वहिनीच्या कपाळाला कुंकू लावलं. तिने ते लावून घेतलं, आणि तिने मुलीला हळद लावली, गालाला, हाताला, पायाला. मी पदराने तोंड झाकून कोपऱ्यात बसले. मला माझ्या ओठांचा भरवसा राहिला नव्हता. वहिनीची नजर दोनदा माझ्याकडे वळली आणि दोन्ही वेळा मी पदर वर ओढला. त्यातून तिला काय कळायचं ते कळलं असणार. तरी तिने गाणं म्हणणं थांबवलं नाही.

लग्न दुसऱ्या दिवशी दुपारी लागलं. कन्यादान दिरा-जावेने केलं. मी अक्षता टाकत होते आणि मनात एकच धाक होता की दिल्लीत कुणी तरी कंटाळून थेट पोलीस ठाण्याला फोन करेल आणि मांडवाच्या तोंडाशी खाकी कपडे दिसतील. प्रत्येक मोटारसायकलच्या आवाजाला मी मान वळवत होते. पंगती उठल्या, फोटो झाले. पोरगी निघाली तेव्हा सगळ्या बायका हमसून रडल्या, आजी रडली, पोरगी आईच्या गळ्यात पडून रडली. वहिनी रडली नाही. तिने पोरीचे डोळे पुसले, मळवट सारखा केला, गाडीचं दार लावलं. माझ्या मागे दोघीजणी बोलल्या की बाईचं काळीज दगडाचं हाय, पोटची पोर चालली न डोळ्यात टिपूस न्हाय.

गाडी वळणावरून दिसेनाशी झाली. ऊन उतरत आलं होतं. माणसं पांगली, मांडववाला खुर्च्या गोळा करू लागला, सासू आत जाऊन आडवी झाली. वहिनी माझ्यासमोर येऊन उभी राहिली. कपाळावरचं कुंकू घामाने पसरलं होतं. तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं नाही, खाली जमिनीकडे बघत मोठ्याने विचारलं.

'कागद आला ना, ताई?'

'आला,' मी म्हटलं.

'कवा?'

'काल सकाळी.'

तिने मान हलवली. पदर खांद्यावरून ओढून घेतला आणि मांडवाच्या खांबाला धरून ती हळूच खाली बसली.

'मग आता रडू का मी?'